बायलेच्या पाठसून

आमचा पाच दिवसांचा गणपती आज संध्याकाळी गेला. माटवी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं-फुलं टांगायची चौकट, अजून उतरवलेली नाही. कवंडळं, हरणं, आंबाडे सगळं तसंच लोंबतंय आणि खाली नुसता रिकामा पाट. तो बघवेना म्हणून पडवीत येऊन बसलोय. समोर चार बॅगा आ वासून पडल्यात. वाशाला आमचा जुना ताणकाटा टांगलाय. एकेकाळी त्याच्यावर बांगडे तोलले जायचे, आता प्रत्येक बॅगेच्या तेवीस किलोचा हिशेब होतो. परवा रात्री मुंबईहून विमान, आणि ४ सप्टेंबरला सकाळी हाम्बुर्गमध्ये पोरांची शाळा.

शाळा आणि चतुर्थी यांचं वैर आम्हाला तिकडे गेल्यावर कळलं. जर्मनीत पोरांना शाळेत पाठवणं हा कायदा आहे. सुट्टी नसताना 'गावी गणपती आहे' म्हणून आठवडाभर उचलून आणता येत नाही, दंड होऊ शकतो. हाम्बुर्गची उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची, पण दर वर्षी मागेपुढे सरकणारी. २०२३ मध्ये ती ऑगस्टातच संपली आणि गणपती आले १९ सप्टेंबरला. २०२४ मध्ये पुन्हा तेच, चतुर्थी ७ सप्टेंबरची. यंदा, २०२५ मध्ये, मात्र चतुर्थी २७ ऑगस्टला आणि सुट्टी ३ सप्टेंबरपर्यंत! मी दोन वर्षं आधीच ही तारीख स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लिहून ठेवली होती. पुढच्या वर्षी चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे पुन्हा नाही.

अशी गणितं आमच्या घरात मी करतो. बायको कमावते.

हे वाक्य मी आता सहज लिहिलं, पण देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत ते तीन वर्षं चघळलं गेलंय. आमच्याकडे बाहेर जाणारा तो पुरुष. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. आई इथे, चूल, दोन म्हशी, आजी-आजोबा आणि आम्ही भावंडं सांभाळत. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर, मे महिन्यात आणि गणपतीत वडील. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले आणि बंदरावर एका गॅरेजमध्ये बोटींची डिझेल इंजिनं उघडायला शिकले. तेच मी शिकलो, पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं. पावसाळ्यात मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, म्हणजे आमचा हंगाम. हेड उघड, नोझल बघ, पंख्याचा शाफ्ट काढ. माझ्या नखांतलं ग्रीस लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतं.

बायको नर्स. कणकवलीला एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळ्या करायची. लॉकडाऊनमध्ये तिने मोबाईलवर जर्मन शिकायला घेतलं. मला वाटलं, करमत नाही म्हणून. दीड वर्षात ती बी-२ ही जर्मनची वरची परीक्षा पास झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये कणकवली स्टेशनवर मी तिला गाडीत बसवलं. गाडी सुटल्यावर धाकटा मला म्हणाला, "बाबा, आता मनीऑर्डर येणार?" त्याला हे कुणी शिकवलं ते मला अजून कळलेलं नाही, पण संशय आईवर आहे.

पुढचे दहा महिने मी आणि आई आणि दोन पोरं. तिठ्यावर काय चाललं होतं ते कानावर यायचं. "बायलेक धाडल्यान आणि आपण घराक ऱ्हवलो." मग नोव्हेंबरात आम्ही निघालो तेव्हा त्याच वाक्याचा दुसरा भाग आला: "आता तोय गेलो बायलेच्या पाठसून." लोकांना वाटतं हे टोमणे लागतात. मला खरं तर पहिल्याचा राग आला होता, दुसऱ्याचा नाही. दुसरं शंभर टक्के खरं होतं. गेलो मी पाठसून, तिच्या मागोमाग.

पाठसून जाणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते हे तिठ्यावर कुणाला माहीत नव्हतं. मी ए-१ दिली, जर्मनची अगदी पहिली पायरी, काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात. चाळिशीचा मेकॅनिक आणि आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं. शंभरातले साठ मिळाले की पास, मला एकाहत्तर. तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची आणि नावाचं एकेक अक्षर सुटं करून सांगायचं असतं. नाव, वडलांचं नाव, आडनाव असं सगळं सांगायला गेलो तर बाई मध्येच हसून म्हणाल्या, पुरे.

एका गोष्टीत मात्र मी वर्गात सगळ्यांच्या पुढे होतो. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं. सूर्य ती, चंद्र तो, इथपर्यंत सगळ्यांनी सोसलं. पण मुलगी नपुंसकलिंगी, 'दास मेडशेन', म्हटल्यावर पुण्या-मुंबईची पोरं खवळली. मला काहीच वाटलं नाही. आमच्याकडे 'तां चेडू'च म्हणतात. मालवणी माणसाला जर्मन व्याकरणाचा हा एक तरी धडा फुकट मिळतो.

हाम्बुर्गला उतरलो तेव्हा सव्वाचारला अंधार पडत होता. पोरांना वाटलं ग्रहण आहे. थंडीबद्दल मी काही लिहिणार नाही, सगळेच लिहितात. कपडे घातले की भागतं. अंधाराचं तसं नाही. दुपारी पोरं शाळेतून यायची आणि तासाभरात दिवे लावायची वेळ. पहिला महिनाभर धाकटा चार वाजता आंथरूण मागायचा.

बायकोने भाड्याने घर बघून ठेवलं होतं, विल्हेल्म्सबुर्ग भागात. हे एल्बे नदीतलं मोठं बेट आहे. तिथल्या भाड्याची दोन नावं आहेत, थंड भाडं आणि गरम भाडं. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. गरम म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट वगैरे धरून. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, तीही घरमालकांनी पुरेपूर घेतली. आणि एवढं देऊन घरात शिरलो तर स्वयंपाकघरात काहीच नाही. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून दोन नळ्या आणि एक जाड वायर बाहेर आलेली. मी बायकोला विचारलं, चोरी झाली का? ती म्हणाली, इथे असंच असतं, आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचलून नेतो.

माझं हाम्बुर्गमधलं पहिलं काम ते. जुन्या वस्तूंच्या साईटवरून एका म्हाताऱ्या जोडप्याचं स्वयंपाकघर उचललं, टेम्पो ठरवला, कपाटं कापून बसवली, सिंक जोडलं. शेगडीची वायर मात्र परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियननेच जोडायची, तिथे हात आवरला. बाकी सगळं तीन दिवसांत उभं केलं. त्या तीन दिवसांत मला एकदाही 'आपण इथे कोण' असा प्रश्न पडला नाही. पाना हातात होता ना.

तो चौथ्या दिवशी पडला. रविवार होता. देवांसाठी फळी लावायची म्हणून मी ड्रिल चालू केलं. दुसऱ्या भोकाला दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजी. पांढरे आखूड केस, अंगात झोपण्याचा गाऊन आणि वर कोट. त्या जे बोलल्या त्यातला मला एकच शब्द कळला, 'रविवार', आणि तो त्या चार वेळा बोलल्या. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, आणि भोकं पाडणं, ठोकाठोक, सगळं बंद. रोज रात्री दहानंतरही तेच. मी घाबरून "सॉरी, सॉरी" म्हणत त्यांना 'दू' म्हटलं. 'दू' म्हणजे तू. अनोळखी वडीलधाऱ्यांना 'झी' म्हणायचं असतं. आता आमच्या बोलीत आईला, बाबांना, गावच्या पुजाऱ्याला, देवालासुद्धा 'तू'च. जिभेला ते वळण नाही हो. आजी तशाच उलट्या पावली गेल्या. देव आठवडाभर कपाटावर बसले.

पण खरा घोळ केला तो टपालपेटीने. म्हणजे माझ्या गाढवपणाने.

तिकडे नव्या घरात शिरल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. घरमालकाचा सही केलेला कागद घेऊन जायचं, पत्ता नोंदवायचा. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. ती झाली की सरकारचा कर क्रमांक टपालाने येतो, विम्याची कार्डं टपालाने येतात, शाळेचं पत्र टपालाने, बँकेचा पासवर्डही टपालाने. नोंदणी आम्ही वेळेत केली. मग वाट बघत बसलो. तीन आठवडे झाले, पेटी रिकामी. बायकोला तिच्या वॉर्डातल्या बाईने विचारलं, पेटीवर चौघांचीही आडनावं आहेत का? बायको लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते, पासपोर्टवर तेच. पेटीवर तिच्या एकटीचं आडनाव होतं. माझं आणि पोरांचं नव्हतंच. पेटीवर नाव नाही तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. इथे आमचा पोस्टमन पाकिटावर नुसतं वाडीचं नाव बघून, वहाळ ओलांडून, मी गॅरेजवर असेन तर गॅरेजवर पत्र आणून देतो. मला काय स्वप्न पडलं होतं?

चिकटपट्टीवर आडनाव लिहून चिकटवलं. परत गेलेली पत्रं पुन्हा मागवायला दोन महिने गेले. तेवढे दिवस कर कापणाऱ्यांच्या लेखी मी नव्हतोच.

त्या दोन महिन्यांत मला एक गोष्ट कळली, आणि ती सांगायला मी हे लिहायला बसलो. नोकरी करणारा परदेशात जातो तेव्हा त्याच्यासाठी तिथे एक जागा आधीच तयार असते. बायकोला लॉकर होता, पाळीचं वेळापत्रक होतं, चिडायला वरिष्ठ होती. सुख नव्हतं म्हणा. परदेशातून आलेल्या नर्सला तिथे ज्ञानपरीक्षा द्यावी लागते, ती पास होईपर्यंत तिला मदतनीसाच्या हुद्द्यावर राबावं लागलं, आणि तिकडे नर्सनेच रुग्णाला आंघोळ घालायची, भरवायचं. आपल्याकडे ते नातेवाईक नाहीतर आया करतात. पहिल्या महिन्यांत ती फोनवर रडायची, "चौदा वर्षं नोकरी केली ती ह्यासाठी?" पण ती रडायची ते कामावरून. मी पाठसून आलेला, मला रडायला कामही नव्हतं. मला होती टपालपेटी. आणि सगळं कुटुंब त्या देशात रुजतं की नाही, ते त्या पेटीवर ठरत होतं. डॉक्टरची वेळ, शाळेचा वर्ग, धाकट्याची बालवाडी, मुलांचा भत्ता, सगळं त्या पत्र्याच्या फटीतून यायचं. शब्दकोश घेऊन एकेक पत्र वाचायला मला अख्खी दुपार लागायची.

आई मनीऑर्डरच्या पावतीवर अंगठा न देता सही करायची, तेवढ्यासाठी ती माझ्या बहिणीकडून अक्षरं शिकली, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. विल्हेल्म्सबुर्गच्या त्या खिडकीशी बसून पत्र वाचताना मला ते पहिल्यांदा नीट दिसलं. आमच्या घराचा इतिहास सांगताना आम्ही नेहमी वडलांची गिरणी सांगतो, संप सांगतो. घर कुणी चालवलं ते कुणी सांगत नाही. असो.

मुलांच्या भत्त्याचं सांगतो. तिकडचं सरकार दर मुलामागे दरमहा पैसे देतं, २०२५ मध्ये २५५ युरो. आईला सांगितलं तर ती फोनवर गप्पच झाली. मग म्हणाली, "सरकार पोरांचे पैशे देता? आणि मगे परत मागता काय?"

थोरली तेव्हा नऊ वर्षांची. तिला आधी परदेशी मुलांच्या तयारी वर्गात घातलं. सिरियन, युक्रेनियन, अफगाण, घानाची पोरं आणि आमचं देवगडचं चेडू. वर्षभर तिथे भाषा शिकली की नेहमीच्या वर्गात. चौथीनंतर तिकडे मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, एक शाळा पुस्तकी अभ्यासाची, एक सगळ्यांसाठीची. ती सगळ्यांसाठीच्या शाळेत गेली आणि मजेत आहे. मला त्याचं काही वाईट वाटत नाही; आमच्या नात्यातल्या काहींना फार वाटतं. डॉक्टरकडे आता तीच माझी दुभाषी. परवा मला म्हणाली, "बाबा, तू बरोबर बोलतोस, पण सगळ्या वस्तूंना पुरुष करतोस."

धाकट्याचं बालवाडीत बसणं महिनाभर चाललं. मूल रुळेपर्यंत आईबापांपैकी एकाने वर्गात बसायचं, रोज थोडं थोडं कमी. मी त्या इवल्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसायचो. सगळ्या आया आणि मी एक बाप्या. पाऊस पडला की बाई पोरांना रबरी विजारी चढवून मुद्दाम बाहेर सोडायच्या. बाकीच्या देशांतली पोरं भेदरायची. आमचा हा चिखलात जाऊन जो बसला तो उठेना. बाईंनी विचारलं, याला पाऊस माहीत आहे का? मी म्हटलं, थोडा थोडा.

पोहण्याचं मात्र वेगळं झालं. आम्ही खाडीत शिकलो, कमरेला सुके नारळ बांधून, काकांनी ढकलल्यावर. तिकडे पोहण्याला बिल्ला आहे. 'समुद्री घोडा' म्हणतात. पंचवीस मीटर पोहायचं आणि खांद्याइतक्या पाण्यातून तळाची वस्तू वर आणायची. पास झालं की कापडी बिल्ला चड्डीवर शिवायचा. धाकट्याने तो मिळवला आणि यंदा गावी आल्या आल्या आजीला चड्डी दाखवली. आई म्हणाली, "ह्या काय, सरकारी सही?" इथे ऑगस्टात समुद्र खवळलेला, त्यामुळे बिल्ला घालून तो पाच दिवस विहिरीच्या काठावर बसला.

एल्बेबद्दल मी बायकोपेक्षा जास्त बोलतो असं ती म्हणते. हाम्बुर्गपासून समुद्र शंभर किलोमीटर लांब, तरी नदीला भरती-ओहोटी, साडेतीन मीटरहून जास्त. आमच्या वाघोटनच्या खाडीचं पाणी भरतीला खारेपाटणपर्यंत चढतं, तशातलाच प्रकार. पहिल्यांदा ओहोटीला उघडा पडलेला चिखल पाहिला, त्याचा वास आला, आणि माझा घसा दाटला. चिखलाचा वास आवडतो हे कुणाला सांगणार? बेटाभोवती बंधारा आहे, आपला खार बंधाराच, पण घराएवढा उंच, आणि त्याच्यावर मेंढ्या चरतात. चढून पलीकडे गेलं की पाणी.

बंधारा एवढा उंच का, ते खालच्या आजींनी सांगितलं. १९६२ च्या फेब्रुवारीत १६-१७ च्या रात्री वादळात समुद्राचं पाणी नदीतून चढलं, बंधारे फुटले. हाम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली, त्यांतली बरीच आमच्याच बेटावरची. आजी तेव्हा पंधरा वर्षांच्या. रात्रभर भावाबरोबर छपरावर होत्या. हे त्यांनी मला सांगितलं ते ड्रिलच्या प्रकरणानंतर वर्षाने, जिन्यात, त्यांच्या सायकलची चेन बसवून देताना. त्या सायकलमुळेच मला काम मिळालं. त्यांच्या भाच्याच्या ओळखीने मी एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात शिरलो. इंजिनापुढे सायकल म्हणजे खेळणं, पण बॅटरीच्या सायकली आल्यात, त्यांत डोकं चालवायला मिळतं. आणि नखांत पुन्हा ग्रीस आहे.

मासळीवर सगळे विचारतात. "तुका थंय नुस्तां गावता?" गावतां. रविवारी पहाटे फिशमार्क्ट भरतो, १७०३ पासून. उन्हाळ्यात पाचला सुरू, साडेनऊला खल्लास. विक्रेते ट्रकवर चढून ओरडतात, पिशवीत एकेक मासा कोंबत भाव पाडत नेतात. देवगडच्या लिलावाची सर नाही, पण आवाज ओळखीचा. तिथला बांगडा म्हणजे आपल्या बांगड्याचा गलेलठ्ठ चुलतभाऊ, फार तेलकट. तिरफळं घातली तरी तिखल्यात तो परकाच राहतो. हेरिंग तारल्याच्याच गोतातला, तो चालतो. आयत्या साफ केलेल्या तुकड्यांच्या देशात मी अख्खा मासा मागतो म्हणून एक कोळीणबाई (मी तिला कोळीणच म्हणतो) मला डोकी फुकट देते.

आता ह्या बॅगा. नियम ऐका. युरोपात दुधाचे, मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायचे नाहीत. म्हणजे पेढे गेले. फळं, भाज्या, कढीपत्ता यांना रोपरोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, डिसेंबर २०१९ पासून. सूट फक्त पाच फळांना: नारळ, केळं, अननस, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे देवगडच्या माणसाने हापूस न्यायचा नाही. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीपायी युरोपने आपल्या आंब्यावरच बंदी घातली होती, तेव्हा बागायतदारांचे चेहरे मी पाहिलेत. जानेवारी २०१५ मध्ये उठली ती. पण सुके मासे? घरच्यासाठी माणशी वीस किलोपर्यंत खुशाल न्या! हे मला कळलं तेव्हा मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचून खात्री केली. ज्या गोष्टीच्या वासाने अख्खी इमारत खिडक्या उघडेल ती चालते, आणि ज्याच्या वासाने इमारत वर चढून येईल तो आंबा चालत नाही. तेव्हा एका बॅगेत सोडे, सुके बांगडे आणि गोलमो (सुकी बारीक कोळंबी), सहा पिशव्यांच्या आत. आणि चार नारळ.

आई २०२४ च्या उन्हाळ्यात दोन महिने आली होती. तिला लिफ्ट आवडली, मेंढ्या आवडल्या, जर्मन पाव अजिबात नाही. अडचण झाली दिव्याची. तिची दिवेलागण सातची, सूर्य बुडताना. जूनमध्ये हाम्बुर्गचा सूर्य दहाला दहा मिनिटं कमी असताना बुडतो. पहिल्या दिवशी ती सात वाजल्यापासून वात वळून बसली. आठ झाले, नऊ झाले, पोरं जेवून झोपली, बाहेर लख्ख ऊन. "ह्या कसला गाव रे? हय तिनसानच नाय!" मी म्हटलं, घड्याळ बघून सातला लाव. ती म्हणाली, देव काय घड्याळ बघतो? बायको दुपारपाळी करून साडेदहाला आली तेव्हा आईने नुकता दिवा लावला होता आणि दोघी त्या उजेडात बसून पेज जेवल्या. दोन महिने तोच नेम. तिची सून इतक्या निवांत तिच्याशी इथे कधी बसली नसेल.

तिला म्हटलं, राहा. ती म्हणाली, मग घराकडे कोण? आमच्या वाडीत आता सतरापैकी सहा घरांना वर्षभर कुलूप असतं. मुंबईचा चाकरमानी एकटा जायचा, घर मागे राहायचं. आम्ही सगळे उठून गेलो. मागे फक्त आई, आणि ती बहात्तरची. ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. यंदाही तो विषय पाचही दिवस सगळ्यांनी टाळला. भजनाला बुवा आले, फुगड्या झाल्या, काळ्या वाटाण्यांचं सांबार झालं, शेगलाची भाजी झाली, आणि कुणी काही बोललं नाही. तिकडे दोन वर्षं आम्ही शाडूची एवढीशी मूर्ती करून बादलीत बोळवली. आज धाकट्याने तीन वर्षांनी वाजतगाजत विसर्जन पाहिलं. पाण्यातून परत येताना त्याने विचारलं, "इथे बादली का नाही आणली?"

आतून थोरलीची हाक आली, माझी बॅग पंचवीस भरतेय म्हणून. एक नारळ काढावा लागणार. आई काढू देणार नाही.

आत्ताच फोन वाजला. खालच्या आजींचा संदेश. आमची तुळस त्यांच्या खिडकीत ठेवलीय आणि टपालपेटीची किल्ली त्यांच्याकडे आहे. पेटीत तीन पत्रं आलीत, एक पिवळं आहे, सरकारी दिसतं, टेबलावर ठेवलंय, असं लिहिलंय. सोबत तुळशीचा फोटो. खूप मंजिऱ्या धरल्यात, आणि आजींना त्या फुलं वाटतायत, म्हणून त्या खूश आहेत. मंजिऱ्या खुडायच्या असतात, नाहीतर रोप सुकतं. हे त्यांना जर्मनमध्ये कसं सांगायचं ते बघतोय. 'खुडणे'ला शब्दकोशात चार शब्द दिलेत. थोरलीला विचारतो.